बिस्किटाचं जावळ

मुक्काम टेक्सास. तिथी मार्गशीर्षातली कुठली तरी. नक्की कुठली ते दिगंबररावांच्या फोनला माहीत.

ती. शोभनाताईस,

तुझ्या धाकट्या आणि (शब्द तुझाच) तोंडाळ बहिणीचा नमस्कार. समोर असते तर वाकून केला असता, पण एकदा वाकले की मला उठवायला तूच लागतेस, तेव्हा लांबून आहे तोच गोड मानून घे. तुझे गुडघे काय म्हणतात? मनोहरभाऊजींचा खोकला गेला, की अजून डॉक्टरांना न दाखवता शेजाऱ्यांनाच ऐकवतायत? त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाची तयारी जोरात असेल. हॉल ठरला का? आचारी तोच का, मागच्या खेपेला जिलबीच्या पाकापाशी झोपी गेला होता तो? माझी तब्येत ठणठणीत आहे. इथली हवा मानवली, पाणी मानवलं, माणसं तेवढी मानवली नाहीत, आणि त्यांच्याबद्दलच हे पत्र आहे.

मागच्या रविवारी फोनवर तू "कशी आहेस गं?" विचारलंस आणि मी "मजेत" म्हटलं, कारण फोन सीमाचा होता, स्पीकरवर होता आणि ही लेक स्वतः शेजारी उभी राहून मान डोलवत होती. घरच्या ग्रुपवर लिहावं तर आमचा मुलगा संग्राम अंगठा दाखवतो आणि जावई हात जोडतात. कुणी वाचत नाही. म्हणून आपलं जुनं कागद-पेन. दिगंबरराव (त्यांचा मुलगा सीमाच्या कॉलनीत राहतो) पुढच्या आठवड्यात सांगलीला परत निघालेत, त्यांच्याबरोबर पाठवतेय. पाकीट चिकटवलं असतं तर त्यांनी वाफेवर उघडलं असतं, म्हणून कडेने धावदोरा घातलाय. इतकी वर्षं शाळेत शिवण शिकवलं ते कुठे तरी कामाला आलं. टाका उसवलेला दिसला तर मला कळव.

तर विषय असा, की आपल्याकडे घोडा आहे. हसू नकोस. सीमाची आन्या आता बारा वर्षांची झाली. इथल्या मुली नाच शिकतात, पोहणं शिकतात. आमची घोड्यावर बसायला शिकली, आणि मग तिला तोच घोडा हवा झाला. रडली, जेवली नाही, दार आपटलं. प्रथमेशराव नागपूरचे, त्यांच्या घराण्यात लग्नाच्या वरातीपलीकडे घोड्याशी कुणाचा संबंध आलेला नाही आणि वरातीतही तो घोडा भाड्याचा होता. पण मुलीपुढे जावयांची अक्कल गहाण पडते. घेतला घोडा. नाव बिस्किट. हे नाव आधीच्या मालकाने ठेवलेलं. वय वर्षं नऊ, म्हणजे घोड्यांच्या हिशोबाने चांगला संसारी गृहस्थ असायचा, पण लग्नाचा प्रश्न डॉक्टरांनी आधीच कायमचा मिटवून टाकलाय. आता घोडा म्हटला की तबेला आला, नाही का? नाही! तबेला महाग. म्हणून हा घोडा बाहेर राहतो. बाहेर म्हणजे अगदी बाहेर. अर्विंगमधल्या घरापासून गाडीने तासभर लांब, डेंटनच्या पलीकडे, उघड्या माळावर, तीन भिंतींच्या शेडपाशी. चौथी भिंत का नाही विचारलं, तर म्हणे वारा खेळता राहायला. अगं, वारा खेळतो कसला, कुस्ती करतो.

थंडी पडायला लागली तशी देवाने त्या जनावराला केस दिले. असे दिले, असे दिले, की दिवाळीच्या सुमारास तो घोडा कमी आणि अस्वल जास्त दिसायला लागला. माझ्या मते इथे प्रश्न संपला होता. पण आन्या त्याला शनिवार-रविवार दामटणार, दामटलं की तो त्या केसांच्या आत घामाने निथळणार, मग आन्या गाडीत हीटर लावून घरी आणि हा ओल्या अंगाने माळावर, त्या खेळत्या वाऱ्यात. तर त्याचे केस कापायचे असं ठरलं. घोडा दामटायचा नाही असं नाही ठरलं बरं का! मी म्हटलं, देवाने फुकट दिलेला स्वेटर काढायचा आणि दुकानातून विकत आणून दुसरा घालायचा, हे शहाणपण कुठल्या कॉलेजात शिकवतात? आन्या म्हणाली, "आजी, इट्स नॉट अ हेअरकट, इट्स अ क्लिप." मी म्हटलं, बाई, तू म्हणशील ते.

मग एका रविवारी पोहे झाल्यावर, ताटल्याही उचलायच्या आधी, प्रथमेशरावांनी टीव्हीवर प्रेझेंटेशन लावलं. खरंच. पहिल्या पानावर घोड्याचा फोटो, दुसऱ्या पानावर 'आपण इथे का जमलो आहोत'. (मी माझ्या पोह्यांसाठी जमले होते.) घोड्याचे केस कापायचे पाच प्रकार असतात म्हणे. एकात नुसती गळ्याखालची आणि छातीवरची पट्टी काढायची. दुसऱ्यात पोटाच्या कडेने आणखी थोडं. तिसऱ्यात पाठीवर चादर टाकल्यासारखे केस ठेवून बाकी सगळे उतरवायचे. चौथ्यात पाय आणि खोगिराची जागा तेवढी सोडायची. आणि पाचवा प्रकार म्हणजे सरसकट, आपल्याकडे जत्रेतून आलेल्या माणसासारखा. प्रत्येकाला गुण. कष्टाचे गुण, दिसण्याचे गुण, 'स्केलेबिलिटी'चे गुण. एका घोड्याची स्केलेबिलिटी म्हणजे काय असं विचारलं, तर जावई म्हणाले, उद्या दुसरा घेतला तर. सीमाच्या हातातून चमचा पडला. संग्राम सनीव्हेलहून व्हिडिओवर होता आणि त्याचं तोंड थांबत नव्हतं. हाच संग्राम लहानपणी मिरजेच्या स्टेशनावर टांग्याचा घोडा दिसला की माझ्या पदरात शिरायचा, तो आता 'इक्वाइन थर्मोरेग्युलेशन' म्हणतो. यंत्राकडून त्याने बिस्किटाचं चित्रही काढून घेतलं होतं, अंगावर चित्त्याच्या ठिपक्यांसारखे केस ठेवून. ते आन्याला आवडलं. पुढचा अर्धा तास ते चित्र रद्द करण्यात गेला.

शेवटी फोन केला तो लॉरेटाला. लॉरेटा म्हणजे त्या माळाची मालकीण. माझ्याच वयाची, विधवा, टोपी घालून झोपते की काय कोण जाणे, आणि आवाज असा की फोन नसता केला तरी चाललं असतं. ती म्हणाली (तिचं इंग्रजी मला निम्मं कळतं, पण हे कळलं), घोडा बाहेर राहतो ना, मग पाठीला हात लावू नका. पाऊस पाठीवर पडतो. गळ्याखालची पट्टी काढा, घाम तिथेच जास्त येतो, आणि पुरे. एवढं बोलून फोन ठेवला. पाच प्रकारांतला पहिला प्रकार. सगळ्या गुणांची बेरीज करून प्रथमेशरावांचंही उत्तर तेच आलं, म्हणून तेही खूश. तिथे थांबले असते तर आज मी हे पत्र लिहीत बसले नसते.

पण माझी लेक! तिची एक मैत्रीण आहे, आश्लेषा, तिने दिवाळीआधी कुत्र्याचं बारसं केलं. पाळणा, गोविंद घ्या गोपाळ घ्या, सगळं. माणसं जमली, फोटो निघाले, आणि तेव्हापासून आमच्या सीमाला झोप नव्हती. पट्टी काढायचं ठरल्याबरोबर ती म्हणाली, आई, आपल्या घरात आल्यापासून हे त्याचं पहिलंच कापणं, मग आपण जावळ करू या! मला वाटलं थट्टा करतेय. दुसऱ्या दिवशी फोनवर निमंत्रण आलं, झेंडूच्या फुलांचं, त्यात 'चि. बिस्किट' आणि खाली 'आजी : नीला'. मी घोड्याची आजी. आपली आई हे बघायला नाही ते बरं. जावळ विषम वर्षी करतात, तर नऊ हा आकडा विषमच आहे, हे दिगंबररावांनी काढलं. ते बँकेतून निवृत्त झाले आणि इथे येऊन भटजी झाले. सगळी पोथी फोनात. आणि जावळाला मामा लागतो. मांडीवर घेऊन बसायला मामाच लागतो! म्हणून माझा मुलगा, मी पोटाला चिमटा काढून शिकवलेला, रजा टाकून विमानाने सनीव्हेलहून आला. कशाला, तर घोड्याचा मामा व्हायला. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला याला रजा मिळाली नव्हती.

तुळशीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या शनिवारी कार्यक्रम. ऊन छान पडलं होतं, नोव्हेंबरात लोक अर्ध्या बाह्यांत. माळावर गाड्यांची रांग, बायका पैठण्या सावरत शेण चुकवतायत, पुरुष चष्मे लावून घोड्याला लांबून 'हाय' करतायत. संग्राम प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उशी मांडीवर घेऊन बसला, आणि आन्याने दोरी धरून बिस्किटाचं डोकं त्या उशीवर आणून ठेवलं. घोडा शहाणा म्हणून ठेवू दिलं. मामाचा चेहरा मात्र असा, की त्याचंच जावळ चाललंय. दिगंबररावांनी फोनात घोड्याच्या जावळाचा मंत्र शोधला, मिळाला नाही, पण ते बिचकणारे नव्हेत. संकल्पात 'बिस्किट नामधेयस्य' घालून मोकळे झाले. गोत्र विचारलं तर प्रथमेशरावांनी आपलंच सांगितलं. मी औक्षण केलं. बिस्किटाने तबकातले तांदूळ खाल्ले, सुपारी तोंडात घेऊन परत दिली, आणि मग झेंडूचं तोरण एका टोकाकडून खायला घेतलं ते दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मग केस कापणारा माणूस पुढे आला, मशीन घेऊन. लॉरेटाने त्याला आधीच बजावून ठेवलं होतं. त्याने गळ्याखाली, छातीवर मशीन फिरवलं, पट्टी काढली, मशीन बंद केलं. झालं. कॅमेरे नीट लागायच्या आतच कार्यक्रम संपला. तास-तास गाडी चालवत आलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आश्लेषा म्हणाली, "इतकंच?" ती तसं फार गोड म्हणते. दिगंबरराव म्हणाले, शास्त्रात अर्धं जावळ नाही. बायका म्हणाल्या, अय्या खरंच, अर्धं कसं? आणि हो, मीही म्हटलं. का नाही म्हणणार? अर्धं जावळ केलेलं पोर तू कधी पाहिलंस का? जावळ म्हणजे जावळ. करायचं तर पूर्ण करा, नाही तर करू नका, मी पहिल्यापासून 'करू नका' म्हणतच होते. त्या माणसाने मामाकडे बघितलं. मामाने आजूबाजूला बघितलं, सगळे कॅमेरे त्याच्यावर, आणि जो पोरगा पोह्यांवर लिंबू पिळायचं की नाही हे ठरवायला पाच मिनिटं घेतो, त्याने क्षणात हात फिरवला आणि म्हणाला, "ऑल ऑफ."

टाळ्या पडल्या. मशीन परत सुरू झालं आणि किती तरी वेळ चाललं. केस इतके पडले की ओंजळीत घ्यायचे ते घमेल्यात घेतले, घमेल्यातले चादरीत. निम्म्यातच पाहुणे भूक लागली म्हणून गाड्यांकडे वळले आणि मसालेभातावर बसले. आतून निघालेला घोडा बघून मला कसंसंच झालं, ताई. वरून चॉकलेटी होता तो आत उंदरासारखा करडा निघाला. फासळ्या दिसतायत, कातडी थरथरतेय, कपाळावर तेवढी शेंडी ठेवलेली आणि मागच्या पुठ्ठ्यावर सीमाने कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं. लॉरेटा माळाच्या दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टरवर होती. ती आली, बघितलं, टोपी काढली आणि एकच शब्द बोलली. तो शब्द दिगंबररावांच्या हाती पाठवायच्या पत्रात मी लिहिणार नाही. प्रथमेशराव हसत म्हणाले, नो प्रॉब्लेम, मी ब्लँकेट ऑर्डर केलंय.

ब्लँकेटाची कथा ऐक. घोड्याचं ब्लँकेट मागवताना माप घ्यायचं असतं ते छातीच्या मध्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत. आमच्या इंजिनिअरने घेतलं नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत. दोनदा घेतलं, चूक नको म्हणून! पोलकं बेतताना नववीतली पोरगीसुद्धा नाकापासून टेप धरत नाही. ब्लँकेट आलं ते लग्नाच्या मांडवाएवढं. घातलं, बिस्किट चार पावलं चालला, पुढचा पाय त्यात अडकला आणि तो दोन्ही गुडघ्यांवर खाली आला. आन्या जी किंचाळली! तेवढ्यात फोनवर सूचना यायला लागल्या की उत्तरेकडून गारठा येतोय, पाऊस पडेल तो रस्त्यावर गोठेल. टेक्सासचं हे असं आहे, ताई, सकाळी घामाने पदर ओला आणि संध्याकाळी दात वाजतायत. दुकानात ब्लँकेटं शिल्लक नाहीत. लॉरेटाच्या चार भिंतींच्या जागा भरलेल्या. तिथे एक म्हातारी घोडी आणि तिची पथ्यं. आणि माळावर हा, नागडा, तीन भिंतींत.

त्या दिवशी घरात जे झालं ते मला आवडलं नाही. संग्राम मीटिंग आहे म्हणून आधीच पळाला होता. मामा कुठे, तर ऑनलाइन. जावई म्हणाले, हे आपल्याला झेपणारं नाही, थंडीत काही झालं तर आन्याच्या मनावर परिणाम होईल, त्यापेक्षा विकून टाकू, मी जाहिरात टाकतो. आन्या पायरीवर बसून ऐकत होती. या वेळी ती रडली नाही, दारही आपटलं नाही. सीमा म्हणाली, लोकांना काय सांगायचं? जावळ करून महिना नाही झाला! मी म्हटलं, गप्प बसा सगळे. जनावर काय आश्लेषेला दाखवायला आणलं होतं का? मला राग आला होता, ताई, खरा राग, डोळ्यांत पाणी येतं तसला. त्याला कुणी विचारलं होतं का, तुला काय हवंय म्हणून? त्याचे केस चांगले त्याच्या अंगावर होते.

सीमाच्या कपाटात सोलापुरी चादरी आहेत. इथल्या प्रत्येक घरात असतात. येणारा प्रत्येक जण आणतो आणि कुणीही घडी मोडत नाही. तीन काढल्या. आत माझ्या दोन सुती साड्या घातल्या, एक ती तू संक्रांतीला दिलेली, माफ कर, पण तिचा रंग नाही तरी जात होता. वरून पावसासाठी प्रथमेशरावांच्या बार्बेक्यूचं कव्हर फाडून लावलं (त्यांनी तोंड उघडलं, मी सुई दाखवली, त्यांनी मिटलं). पोटाखालून बांधायला परकराच्या नाड्या. माप मी आधीच घेऊन ठेवलं होतं, छातीपासून, टेपने नाही तर पदराने, आणि पदर चुकत नाही. शिवणयंत्राची सुई तिथेच मोडली म्हणून सगळी गोधडी हाताने घातली. आन्या दोरा ओवून द्यायची. मराठी एक शब्द बोलत नाही ती, पण 'गाठ मार' म्हटलं की गाठ मारायची.

पाऊस सुरू होता होता आम्ही माळावर पोचलो. बिस्किट शेडच्या कोपऱ्यात, वाऱ्याकडे पाठ करून, पाय जुळवून उभा होता. थरथर लांबून दिसत होती. मी जवळ गेले. मला घोड्यांची आवड नाही, ताई, तुला माहीत आहे. तोंड केवढं, दात केवढे, आणि बघतो असा की उसने दिलेले पैसे मागायला आलाय. पण मी गोधडी टाकली, नाड्या आवळल्या, तसं त्याने मोठा निःश्वास सोडला आणि आपलं ते पेटीएवढं डोकं माझ्या काखेत घातलं. तिथेच ठेवलं. लाचार प्राणी. लॉरेटा बघत होती. म्हणाली, एवढ्यावर भागणार नाही; थंडीत घालायचं, ऊन आलं की काढायचं नाही तर आत घामेजेल, संध्याकाळी परत घालायचं, आणि कोरडं आहे का ते हात घालून बघायचं. हे पुढचे केस येईपर्यंत, म्हणजे वसंतापर्यंत. कोण करणार? दोघांच्या नोकऱ्या, पोरीची शाळा. तेवढ्यात रस्ते बंद होणार म्हणून पळापळ झाली, आणि बर्फ होतं तेवढे दिवस मी लॉरेटाकडेच राहिले. तिच्या घराबद्दल, तिच्या सहा मांजरांबद्दल आणि ती जिला कॉफी म्हणते त्या काढ्याबद्दल न बोललेलंच बरं. घोडा वाचला, ताई. सर्दीसुद्धा झाली नाही. विकायची जाहिरात जावयांनी काढून टाकली, कारण कुणी तरी बघणारं आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

तर अशी इथली मंडळी. शिकलेली, सवरलेली, पगारदार, आणि एका घोड्याच्या केसांचं यांना धड ठरवता येत नाही. मला विचारशील तर बाहेर राहणाऱ्या जनावराला कात्री दाखवूच नये. भाऊजींना माझा नमस्कार, तुझ्या सुनेला आशीर्वाद, आणि माझ्या घराची किल्ली तुझ्याकडे आहे तर तुळशीला पाणी घालत जा. नुसतं मनातल्या मनात नको.

तुझी,
नीला

ता. क. सहस्रचंद्रदर्शनाला मला येता येणार नाही. तिकीट पुढे ढकललंय, एकदम मार्चच्या शेवटावर. तू रागावशील, मला ठाऊक आहे, अनारशांचं पीठ माझ्या भरवशावर भिजवणार होतीस. आपल्या घरातल्या प्रत्येक कार्याला मीच अनारसे थापत आलेय. या खेपेला सुनेला शिकव. भाऊजींना म्हणावं, चंद्र हजार बघून झालेत, एक नीला कमी बघा.

आणखी एक. खरं काम हे आहे. मला दुसरी गोधडी हवी. एक अंगावर, एक वाळत, नाही तर ओल्या दिवशी पंचाईत होते. तुझा टाका मोठा असतो, पण घोडा तक्रार करणार नाही. जुन्या सुती साड्याच घाल. जरीची नको, तो जर उपसून खातो. माप सोबत सुतळीवर गाठी मारून पाठवलंय. पहिली गाठ छाती, दुसरी शेपटीचं बूड. प्रथमेशचा फोन आला आणि त्याने माप सांगितलं तर ऐकून घे आणि सोडून दे. संक्रांतीनंतर दिगंबररावांच्या विहीणबाई इकडे येणार आहेत, त्यांच्या बॅगेत घाल. कोणासाठी ते त्यांना सांगू नकोस.

आणि हो, उत्तर पाकिटावरच्या पत्त्यावर पाठव, अर्विंगच्या नव्हे. रस्ते केव्हाच मोकळे झाले, पण मी अजून लॉरेटाकडेच आहे. सीमा रविवारी येते, फोन लावून देते, त्यावरच आपण बोलतो. तिच्या घरी कसं आहे, भांडी मशीन घासतं, केर मशीन काढतं, सगळे खोल्यांत, आणि मी "जेवायला चला" म्हटलं की ग्रुपवर लिही म्हणतात. इथे मी सकाळी दार उघडून "बिस्किटा" म्हटलं की माळाच्या त्या टोकाहून मान वर होते आणि तो धावत येतो. आमच्या घरात हाकेला असं कुणी धावत आल्याला वर्षं झाली, गं. लॉरेटाशी रोज भांडण होतं, ती मला दोन वेळा गोधडी चुकीची बांधलीस म्हणते, मी तिला उपमा खाऊ घालते आणि मग ती गप्प बसते. शनिवारी आन्या येते. परवा तिने स्वतः गाठ मारली आणि मला विचारलं, "आजी, बरोबर?" 'बरोबर' म्हणाली, ताई, मराठीत.

ता. क. शेवटचा. पत्र शिवायला घेण्याआधी माळावर जाऊन आले. गोधडीखाली हात घातला तर पाठीवर, बरोब्बर मध्यावर, तांदळाएवढे केस आलेत. मऊ आहेत. सीमाला, जावयांना, लॉरेटाला, कुणालाच सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस. कळलं की लगेच म्हणतील, झालं की आता, आई, चला घरी.